दोन्ही लागू

“डावीकडचा आधी, एवढं एक धरलं ना सर, की भांडणच मिटतं,” इरफान म्हणाला.

“कुणाचं भांडण?” बाबांनी विचारलं. “माझं कुणाशी नाही.”

“पोरांचं, सर. कोयनेशी.”

बाबा हसले आणि त्यांनी मटाराची पुढची शेंग उचलली. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात नावापुरताच उरला होता, पण मटार सोलायचं काम ते कुणाला देत नसत. शेंग टेबलाच्या कडेवर दाबायची, ती फुटली की उजव्या अंगठ्यानं दाणे ताटलीत ढकलायचे. एखादा दाणा उडून कीबोर्डवर पडायचा, तो शोधून तोंडात टाकायचा. मार्गशीर्षातला रविवार होता. कऱ्हाडला सकाळी नदीकडून धुकं येतं, ते विद्यानगरच्या आमच्या गल्लीतून अजून पुरतं गेलं नव्हतं. मी पुण्याहून शनिवारी आले होते, सोमवारी पहाटे परत जायचं होतं. दर आठवड्याचं तेच. त्या दिवशी वेगळं असं काहीच नव्हतं.

कोयना हे बाबांनी केलेल्या भाषेचं नाव. बोलायची भाषा नव्हे, संगणकाला सूचना द्यायची. इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत असताना त्यांनी ती मुलांसाठी तयार केली. तिचा कंपायलर, म्हणजे मुलांनी लिहिलेलं वाचून यंत्राला कळेल असं करून देणारा प्रोग्राम, तोही त्यांनीच घरी, याच टेबलावर लिहिला. काही चुकलं की कोयना मराठीत सांगायची आणि सांगून झाल्यावर हटून बसायची. मुलं म्हणायची, सरांनी नाव बरोबर ठेवलंय, ही आधी अडवते आणि मग उजेड पाडते. बाबा निवृत्त झाले तरी इरफान मुजावर, त्यांचा जुना विद्यार्थी आणि आता तिथलाच प्राध्यापक, शनिवारच्या वर्गात ती हौसेनं शिकवत असे. रविवारी तो ओगलेवाडीहून स्कूटरवर यायचा, मुलांच्या तक्रारी घेऊन.

त्या दिवशीची तक्रार जुनीच होती.

कोयनेत एकाच नावाच्या अनेक प्रोसिजर, म्हणजे एकेक काम करून देणारे सूचनांचे छोटे गट, लिहिता येतात. यात नवल काही नाही. अधिकचं चिन्ह दोन आकड्यांच्या मध्ये घातलं तर बेरीज होते, तारखेपुढे घालून दिवस लिहिले तर पुढची तारीख मिळते. नाव तेच, काय करायचं ते समोर काय आहे त्यावर ठरतं. हे समजावायला बाबांचा एक छोटासा प्रोग्राम होता, ‘स्वागत’. दारात कुणी आलं की घरानं काय म्हणायचं, एवढंच तो सांगे. त्याला दोन गोष्टी पुरवायच्या: कोण आलंय आणि कशासाठी आलंय. पहिलं स्वागत घरच्या माणसासाठी, मग कारण कुठलंही असो: ‘आलात? हातपाय धुवा, पानं घेतलीत.’ दुसरं स्वागत कामासाठी येणाऱ्यासाठी, मग माणूस कुणीही असो: ‘या, बसा. काय काम काढलंत?’

मग बाबा वर्गाला विचारत, “आणि घरचंच माणूस कामासाठी आलं तर?”

आता यंत्राला दोन्ही लागू पडतात. पहिल्याला ‘कोण’ नेमकं ठाऊक आहे, दुसऱ्याला ‘कशासाठी’ नेमकं ठाऊक आहे, आणि एक दुसऱ्यापेक्षा वरचढ आहे असं म्हणायला काही आधार नाही. अशा वेळी कोयना थांबे. पडद्यावर येई: ‘दोन्ही लागू. कोणतं हवं ते सांगा.’

मी शाळेत होते तेव्हा हा धडा म्हणजे मीच होते. घराची किल्ली आणायला लॅबमध्ये गेले की बाबा मला दारातच उभं करत. “ही नीरजा. घरची आहे. किल्लीच्या कामासाठी आलीय. बोला, काय म्हणू?” मागच्या बाकावरून कुणी ओरडे, “पानं घेतलीत म्हणा, सर!” दुसरा ओरडे, “काय काम काढलंत म्हणा!” बाबा माझ्याकडे वळत. “नीरू, तूच सांग. कोणतं लावू?” मी मान खाली घालून म्हणायची, “किल्ली द्या.” सगळा वर्ग हसायचा. बाबाही.

“डावीकडचा आधी,” इरफान पुन्हा म्हणाला. “म्हणजे ‘कोण’ आधी लिहिलंय, तर त्याला मान द्यायचा. संपलं. पोरं विचारतात सर, हिला एवढंही ठरवता येत नाही का?”

“डावीकडं बसला म्हणून मोठा?” बाबा म्हणाले. “मी आधी ‘कोण’ लिहिलं आणि मग ‘कशासाठी’. ती माझी लिहायची सवय झाली. उद्या तू उलट क्रमानं लिहिशील. मग घरच्या माणसाला कामाचा माणूस करून बाहेरच्या खोलीत बसवशील? आणि त्याला पत्ताही लागणार नाही, आपल्याला इथं का बसवलंय.”

“काही भाषा करतात तसं.”

“करू देत. त्यांच्याकडं पाहुणे कमी येत असतील.”

इरफाननं माझ्याकडे बघितलं. “ताई, तुम्ही सांगा सरांना. जर्मनीत एवढी वर्षं तुम्ही हेच काम केलंत.”

मी कीबोर्डपाशी बसले होते. हात गेल्यापासून रविवारी बाबा सांगत आणि मी टाइप करत असे.

“मला दोघांचंही पटत नाही,” मी म्हणाले.

“घ्या,” बाबा म्हणाले. “तिसरी आली.”

“यंत्रानं निवडू नये, हे तुमचं बरोबर आहे. पण विचारायचं कुणाला आणि कधी, ते चुकतंय. दोन प्रोसिजर लिहिल्या तेव्हाच दिसतंय की त्या कुठंतरी एकमेकींवर येणार. तेव्हा कोयना गप्प बसते. पुढं कधीतरी, कुणीतरी घरचं माणूस कामासाठी आणून उभं करतो, तेव्हा हिला कंठ फुटतो.”

“तेव्हाच तर प्रश्न पडतो ना. नसलेलं भांडण आधीच कशाला उकरायचं? प्रोग्राम चालतोय, चालू दे.”

“आणि तेव्हा उत्तर कोण देणार? जो वापरायला आलाय तो. त्या बिचाऱ्याला काय माहीत, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं? लिहिणारा तोवर कॉलेज सोडून कुठल्या कुठं गेलेला असतो. म्हणून लिहितानाच अडवा त्याला. म्हणा, दोन लिहिल्यास ना, आता तिसरी लिही, दोन्ही जिथं एकत्र येतात तिथली. ज्याच्या मनात आहे त्यालाच विचारा. आणि तो समोर आहे तोवर विचारा.”

माझा आवाज थोडा चढला असावा. इरफान कपातला संपलेला चहा पुन्हा प्यायला.

बाबांनी हातातली शेंग खाली ठेवली. “विचारल्याशिवाय सांगू नये आणि सांगितल्याशिवाय धरू नये. एवढ्यावर मी ही भाषा उभी केलीय, नीरू.”

“ही भाषा झाली की तुमचा स्वभाव?”

“ते वेगवेगळं असतं होय?”

“सर, पोरंसुद्धा अगदी हेच म्हणतात,” इरफान म्हणाला, आणि तिघंही हसलो म्हणून ते तिथंच राहिलं.

तो दुपारी जेवायला थांबला नाही. घरी पाहुणे होते. जाताना स्कूटरच्या डिकीतून त्यानं नदीकाठच्या मळ्यातली वांगी काढून दिली. “काटे बघा हं ताई, पुण्याच्या वांग्यांना नसतात हे.”

मी वांगी भरली, मटाराचा भात केला. बाबा जेवताना रेडिओ लावत असत, तो त्या दिवशी त्यांनी लावला नाही.

“म्यूनिकचं काय ठरलं?” त्यांनी विचारलं.

“उद्यापर्यंत कळवायचंय.”

“मोठी जागा आहे म्हणालीस.”

“हो.”

“मग?”

“मग काय. बघतेय. इकडचंही आहे, तिकडचंही आहे.”

“इकडचं काय आहे? कंपनीनं तुला पाठवलं, आता कंपनी परत बोलावतीय. यात अडण्यासारखं काय आहे?”

इथं मागचं थोडं सांगायला हवं. आई गेली त्यानंतर मी जर्मनीला गेले आणि तिथंच रमले होते. बाबांना झटका आला तेव्हा पंधरा दिवस येऊन गेले. आणि मग त्याच वर्षाच्या अखेरीस सामान बांधून परत आले, पुण्यातल्या ऑफिसात. पुण्यात उतरून थेट कऱ्हाडला आले तर बाबा काठी टेकत दारात उभे. तोंड तेव्हा एका बाजूला बरंच ओढलं गेलं होतं, तरी डोळ्यांत तेच, लॅबच्या दारातलं.

“ही नीरजा,” ते रिकाम्या अंगणाला उद्देशून म्हणाले. “घरची आहे. बॅगा मोठ्या आहेत. नीरू, कोणतं लावू?”

मी इतका प्रवास करून आले होते, आणि त्यांचा तो लोंबता हात समोर होता. रडू आलं असतं. तसं होऊ नये म्हणून मी त्यांच्याच सुरात म्हणाले, “दुसरं लावा. कंपनीनं पुण्यात ऑफिस काढलंय. मला पाठवलंय.”

“असं होय?” बाबा म्हणाले. दारातून बाजूला सरत म्हणाले, “या, बसा. काय काम काढलंत?”

आणि आम्ही दोघंही हसत घरात गेलो.

तर त्या रविवारी जेवताना मला त्यांच्याकडून एक शब्द हवा होता. थांब. जाऊ नकोस, इतकंही नको. नुसतं ‘बघ बाई’ म्हणून उसासा टाकला असता तरी मला पुरलं असतं. मी वाट बघत होते. ते वांग्याचं देठ ताटाच्या कडेला नीट लावत होते.

“तुम्हाला काय वाटतं?” मी शेवटी विचारलं.

“मला वाटून काय करायचं? काम तुझं, कंपनी तुझी. माझ्यामुळं अडू नकोस, एवढं मात्र वाटतं. इरफान आहे. सिंधू आहे.”

सिंधू म्हणजे माझी आत्या, कऱ्हाडातच शनिवार पेठेत राहणारी.

“मी अडलेय असं म्हटलं का मी?”

“नाही म्हटलंस,” बाबा म्हणाले. “म्हणून तर धरलं नाही.”

मी उठून भात आणायला आत गेले. भात कुणालाच नको होता.

दुपारी ते पडले. मी ओट्याशी उभी राहून फोनवर म्यूनिकचा मेल पुन्हा वाचला. त्यात समजण्यासारखं अवघड काही नव्हतं. बाहेर शेजारच्या जोशीकाकू वाळवणाला काठी मारून कावळे हाकलत होत्या. मला वाटलं, आत जावं, पलंगाच्या कडेला बसावं आणि सांगून टाकावं. मग वाटलं, त्यांनी विचारलं तर सांगता येईल. न विचारता सांगायचं म्हणजे त्यांच्यावर ओझं टाकल्यासारखं होईल. आमच्या घरात हे असंच चालायचं. आईला कुठली साडी आवडली हे ती दुकानातून बाहेर पडल्यावर सांगायची.

चहाला ते उठले ते थेट टेबलाशी आले.

“ते तुझं लिही,” ते म्हणाले.

“कुठलं?”

“लिहितानाच अडवायचं. तिसरी मागायची. पडल्या पडल्या विचार केला मी. तू म्हणतेस त्यात दम आहे. माझ्या पद्धतीत एक खोट आहे. विचारणारा कधी आलाच नाही, तर उत्तर लिहिलंच जाणार नाही.”

“मग काय बिघडलं? सकाळी तुम्हीच म्हणत होतात.”

“बिघडत काही नाही.” त्यांनी कीबोर्डच्या फटीत गेलेला मटाराचा दाणा नखानं काढायचा प्रयत्न केला, तो आणखी आत गेला. “राहून जातं.”

मी त्यांच्याकडे बघितलं. ते पडद्याकडे बघत होते.

“आता बसायचं का?” मी विचारलं.

“आज नको. डोकं जड झालंय. तू पुण्यात लिही, मला पाठव. मी वाचतो आणि चुका काढतो. चुका असणारच, तू घाईची आहेस.”

“आणि नसल्या तर?”

“तर मग मी म्हातारा झालो म्हणायचं.”

सोमवारी उजाडताना मी निघाले. ते शाल पांघरून फाटकापर्यंत आले. मी गाडीची काच खाली केली. ते वाकले, आत बघितलं, मागच्या सीटवर ठेवलेली उरलेली वांगी आहेत याची खात्री करून घेतली.

“पोचलीस की फोन कर.”

“हो.”

“आणि ते पाठव. वाट बघतो.”

“हो, बाबा.”

काठीनं गाडीच्या टपावर टक्‌ केलं, म्हणजे नीघ. आरशात शाल दिसत राहिली, मग वळण आलं.

भुईंजच्या पुढं इरफानचा फोन आला. “ताई, परत या,” तो म्हणाला. आणि मग, “गाडी हळू चालवा.” तेवढ्यावरून मला सगळं कळलं. काय झालं हे मी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. मी गाडी कडेला घेतली, थोडा वेळ बसले, आणि पुढच्या पुलाखालून वळले. जोशीकाकूंनी त्यांना व्हरांड्यातल्या खुर्चीत बसलेलं बघितलं होतं, शाल अंगावर तशीच. त्यांना वाटलं, डोळा लागलाय.

पुढच्या दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. घर माणसांनी भरलं आणि हळूहळू रिकामं झालं. त्या मेलला मी एका ओळीत नकार कळवला. का, ते कुणी विचारलं नाही. अशा वेळी सगळ्यांना कारण माहीतच असतं.

शेवटी आत्या राहिली. ती पाहुण्यांच्या चादरी घड्या करत होती, मी दुसरं टोक धरत होते.

“तू जाणार ना गं आता जर्मनीला?” तिनं विचारलं.

“नाही. नको म्हणून कळवलं.”

“अगंबाई. का? दादा तर म्हणत होता, आता जाईल ती. कंपनीनं पाठवलीय, कंपनी न्यायला आलीय.”

“असं म्हणाले?”

“सगळ्यांना तेच सांगायचा. दूधवाल्यालासुद्धा. मी एकदा म्हटलं त्याला, अरे, कंपन्या काय बापाचं गाव बघून मुलींना पाठवतात होय? आमच्या समोरच्यांचा रोहिदास नाशिक मागून मागून दमला, त्याला कोइमतूरला टाकलाय.” तिनं घडी छातीशी दाबून हवा काढली. “तर म्हणतो कसा, सिंधू, तिनं सांगितलंय ते धरायचं. आपल्याला बरं वाटतं म्हणून दुसरं काही धरायचं नाही.”

चादरीचं टोक माझ्या हातात तसंच राहिलं.

“बरं वाटतं म्हणून?”

“हो, असंच म्हणाला. मग विचार की तिला एकदा, म्हटलं मी. तर नुसता हसला. हल्ली तोंड वाकडं करून हसायचा ना, तसा. धर नीट, जमिनीला लागतीय.”

मी धरली.

कोयनेतला तो बदल मी लगेच लिहू शकले नाही. बसायची, दोन ओळी लिहायची, त्यांच्याकडे पाठवायचंय या सवयीनं लिहायची आणि थांबायची. लिहून झाला तोवर उन्हं तापायला लागली होती. इरफानला पाठवताना पत्त्याच्या जागी बाबांचं नाव आपोआप आलं, ते पुसून मी त्याचं घातलं.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

“ताई, झकास चाललंय. पोरांच्या जुन्या प्रोग्राममध्ये काय काय सापडतंय, सांगता सोय नाही. पण एक अडचण झालीय.”

“काय?”

“सरांचा ‘स्वागत’ चालेना. सुरूच होत नाही. तुमची कोयना म्हणते, तिसरी लिहा.”

“बरोबर आहे. दोनच आहेत त्यात. घरचं माणूस कामासाठी आलं तर काय, ते लिहिलेलंच नाही कधी.”

“इतकी वर्षं चालला की हो.”

“तुम्ही लिहा ना. एका ओळीचं तर काम आहे.”

“मी?” इरफान म्हणाला. “मी कसं लिहू, ताई? सरांचं घर काय म्हणेल, हे मी कसं सांगणार? शनिवारी हाच धडा घ्यायचाय. तुम्ही या.”

शनिवारी सकाळी मी कुलूप काढलं तेव्हा इरफान फाटकाशी उभाच होता. घराला बंद राहिल्याचा वास येत होता. त्यानं खिडक्या उघडल्या, मी टेबल पुसलं. कीबोर्ड उलटा करून झटकला, तर एक वाळलेला मटाराचा दाणा टणकन टेबलावर पडला. खड्यासारखा झाला होता. मी तो पुन्हा आत टाकला नाही आणि बाहेरही टाकला नाही, मॉनिटरच्या पायाशी ठेवला.

‘स्वागत’ उघडला. बाबांची पद्धत, आधी ‘कोण’, मग ‘कशासाठी’. दोन प्रोसिजर, आणि त्यांच्याखाली मोकळी जागा. चालवून बघितला तर मीच लिहिलेला निरोप आला: ‘दोन्ही लागू होतील. तिसरी लिहा.’

मी लिहायला घेतली. कोण: घरचं माणूस. कशासाठी: काम. इथपर्यंत हात चालला. पुढं अवतरण चिन्ह उघडलं आणि थांबले.

“पानं घेतलीत, आधी जेवा, असं काहीतरी?” इरफान मागून म्हणाला.

“ते पहिलंच झालं.”

“मग, बसा, कामाचं नंतर बघू?”

“बाबा ‘बसा’ म्हणाले असते का घरच्याला?”

“नाही,” इरफान म्हणाला. “तेही आहे.”

मी लॅबच्या दारात उभं राहून बघायचा प्रयत्न केला. वर्ग हसतोय, खिशातून किल्ली निघतेय. किल्ली देताना ते दर वेळी काहीतरी पुटपुटत, ते मुलांना ऐकू जात नसे. मला जायचं. मी ते विसरले होते. किंवा ते इतकं साधं होतं की विसरल्यासारखं झालं होतं. मी लिहिलं: ‘आलीस? काम होईल गं. आधी जरा टेक.’

अवतरण मिटवलं. कोयनेनं वाचलं आणि काही तक्रार केली नाही.

इरफाननं माझ्या खांद्यावरून वाचलं. “‘आलीस’, ताई? आणि पोरगं आलं तर?”

“मुलांसाठी आणखी एक लिहा. नाव तेच ठेवा.”

“सरांनी आता नक्की चूक काढली असती.”

“काढली असती. मी घाईची आहे.”

तो हसला, मग चष्मा काढून पुसायला लागला आणि म्हणाला की लॅबची किल्ली शिपायाकडून घ्यायचीय, तो पुढं होतो, मी सावकाश यावं. स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, गल्लीच्या टोकाला जाऊन विरला.

मी प्रोग्राम चालवला. पडद्यावर पहिली ओळ आली: ‘कोण आलंय?’ मी लिहिलं, घरचं. दुसरी आली: ‘कशासाठी?’

खिडकीतून व्हरांडा दिसत होता. खुर्ची कुणीतरी भिंतीशी सरकवून ठेवली होती, काठी तिच्या पाठीला टेकवलेली. ‘कशासाठी?’ समोर उभं होतं. ते किती वेळ उभं राहील, याला मर्यादा नव्हती. बाबांनी ती घातलीच नव्हती. उत्तर येईपर्यंत थांबायचं, स्वतःहून काही धरायचं नाही, असंच त्यांनी त्याला शिकवलं होतं.

मी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

“कामासाठी नाही, बाबा,” मी मोठ्यानं म्हणाले. रिकाम्या घरात माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, तरी मी थांबले नाही. “मला कंपनीनं पाठवलं नव्हतं. पुण्याची जागा मी मागून घेतली, होती त्यापेक्षा खालची. तुमच्याजवळ राहायचं होतं म्हणून आले. परत जायचं नव्हतंच मला. दुसरं नका लावू, बाबा. पहिलं लावा.”